सपाट रस्त्यावर लागलेला दम

अहो, काल संध्याकाळी निखिलने इंग्लंडातल्या नॉरफोकचे सगळे फोटो टीव्हीवर लावले. भेटायला आलेली मंडळी चहा पिऊन गप्प बसली होती, कुणालाच काही सुचत नव्हतं, म्हणून बिचाऱ्या जावयाने आपलं काहीतरी करावं तसं केलं. तुमची बहीण डोळे पुसत म्हणाली, "किती हिंडला गं माझा भाऊ! लेकीकडे जाऊन मजा केली, हे बरं झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आणि फोटो एकामागून एक सरकत असताना मला एक गोष्ट दिसली. एकाही फोटोत तुम्ही नुसते उभे नाही आहात. कुठे बाकावर बसलेले, कुठे लाकडी कुंपणाला टेकलेले, कुठे चर्चच्या भिंतीवर हात ठेवलेला. वाफेच्या गाडीच्या फलाटावर तर खांबाला असे धरून उभे आहात, जसा काही तो खांब तुमच्यामुळेच पडायचा राहिलाय. हसताय मात्र सगळीकडे.

मी निखिलला म्हटलं, "पुरे रे आता. डोळे दुखायला लागले." त्याने टीव्ही बंद केला.

रविवार हा घरात बसायचा वार नाही, असं तुम्ही आपलं लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतंत. हडपसरच्या कारखान्यात, टूलरूममध्ये आठवडाभर लोखंडाशी झुंजणारा माणूस सुट्टीच्या दिवशी तरी पाय पसरून झोपेल, अशी माझी भाबडी समजूत. तुम्ही उजाडायच्या आत स्कूटर काढून खालून हॉर्न वाजवायचात. थेऊर, भुलेश्वर, बनेश्वर, खडकवासला. वैदेही पुढे उभी, मी मागे, मांडीवर डबा. काहीच ठरलं नसेल तर मांजरी गावच्या उसातून नुसतं हिंडून यायचं. कुठेही चढ दिसला की तुम्ही सगळ्यांच्या आधी वर, आणि वरून हाक, "या, या, सावकाश या. देव कुठे पळून जात नाही." त्या वाक्याचा मला इतका राग यायचा! पाय दुखत असायचे, पदर वाऱ्यावर, आणि हे वर कमरेवर हात ठेवून उभे.

वैदेहीने ती खोड जशीच्या तशी उचलली. आपण तिच्याकडे गेलो तेव्हा दर शुक्रवारी ती तुमच्यासमोर बसायची आणि तुम्ही दोघं मिळून शनिवार-रविवारचे बेत करायचात. सई मधेच नाक खुपसायची, "आजोबा, समुद्रातले सील्स बघायला जाऊ या ना! बोटीतून नेतात, प्रॉमिस!" इंग्लंडच्या पूर्वेकडचा तो मुलूख. गावं लहान लहान, मधे नुसती शेतं, आणि शेतात साखरेचं बीट. तुम्ही पहिल्याच दिवशी गाडी थांबवायला लावून ते बीट हातात घेऊन पाहिलंत. "यातनं साखर काढतात? मांजरीला जाऊन सांगायला पाहिजे, उगाच उसाला पाणी घालताय म्हणून." आणि जमीन किती सपाट! टेकडी नाही, चढ नाही, नजर पोचेल तिथपर्यंत आभाळच. मला पहिल्या दिवसापासून त्या आभाळाची भीती वाटत होती. आपल्याकडे कुठूनही पाहिलं तरी एखादा डोंगर मधे येतो, बरं वाटतं. तिथे काही मधे येतच नव्हतं.

पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली ती दीपगृहापाशी. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं ते उंच दीपगृह, आत गोल जिना. सई कधीची वर जायला उड्या मारत होती. तुम्ही म्हणालात, "तुम्ही जाऊन या. मी खाली थांबतो. पिशव्या कोण सांभाळणार?"

"पिशव्यांमधे काय आहे?" मी विचारलं. "दशम्या आणि चटणी. इथे कोण चोरणार आहे?"

"इंग्रजांनी काय काय नेलं ते विसरलीस वाटतं," तुम्ही म्हणालात. सगळे हसले. मीही हसले. वर पोचल्यावर खिडकीतून खाली पाहिलं, तर तुम्ही गवतावर बसला होतात, मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर. पिशव्या पाच पावलांवर पडल्या होत्या. त्यांच्याकडे तुमचं लक्षही नव्हतं.

त्यानंतर मी पाहत गेले, आणि पाहावं तिथे दिसत गेलं. प्रत्येक ठिकाणी माहितीचे फलक असायचे. ही पवनचक्की कुणी बांधली, ह्या तळ्यात कुठले पक्षी येतात. जन्मात तुम्ही सूचनेची पाटी वाचली नाहीत, आणि तिथे प्रत्येक फलक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. सई कंटाळून पुढे पळायची. फलक संपला की देखावा. "वा! काय दृश्य आहे!" चार पावलं चालून पुन्हा, "वा!"

"तुम्ही कधीपासून निसर्गप्रेमी झालात?" मी विचारलं.

"वय झालं की माणूस सुधारतो. तूही करून बघ."

आणि ते बाक. त्या देशात फिरायच्या प्रत्येक जागी बाक, आणि प्रत्येक बाकावर गेलेल्या माणसाच्या नावाची पट्टी. अमक्याच्या आठवणीसाठी, ज्याला ही जागा फार आवडायची. मला त्यावर बसवेना. कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटायचं. तुम्ही मात्र खुशाल टेकायचात, पट्टी मोठ्याने वाचायचात आणि मराठीत सांगायचात, "हे जॉर्जराव. यांना इथून समुद्र बघायला आवडायचं. आपल्याकडे बाकावर नगरसेवकाचं नाव असतं, तो जिवंत असतो आणि त्याला कुठलीच जागा आवडत नसते." मी हसले नाही म्हणून तुम्ही रुसलात. मला हसू येत नव्हतं. सपाट रस्त्यावर तुम्हाला दम लागत होता आणि तुम्ही मला विनोद सांगत होतात.

एका गावात बुजगावण्यांची जत्रा होती. प्रत्येक घरापुढे लोकांनी पेंढ्याची माणसं करून बसवली होती. कुणी पोस्टमन, कुणी नवरी, कुणी सायकलवर. पोरं खिदळत होती, बँड वाजत होता. मी आणि वैदेही आइस्क्रीमच्या रांगेत होतो. रांगेतून वळून पाहिलं, तर चर्चसमोरच्या बाकावर दोन जण बसलेले. दोघांच्या डोक्यावर टोपी, दोघांचे खांदे सारखेच पडलेले, दोघांचे हात मांडीवर तसेच पडून. क्षणभर मला कळलंच नाही, त्यातले तुम्ही कोण. सईने लांबूनच फोटो काढला आणि ओरडली, "आजोबा, यू लुक द सेम!" तेव्हा उजवीकडच्याने हात वर केला. माझ्या हातातलं आइस्क्रीम वितळून मनगटापर्यंत आलं होतं.

त्यानंतरच्या शनिवारी आपण उत्तरेच्या किनाऱ्यावर गेलो. तो दिवस मी कुणाला सांगितलेला नाही. आज तुम्हालाच सांगते, कारण त्यातला निम्मा तुम्ही पाहिला नाहीत.

किनारा म्हणजे आपल्या कोकणासारखा नव्हे. आधी मैलभर खारं गवत, त्यातून वळत गेलेले चिखलाचे ओढे, मग वाळू, आणि समुद्र कुठेतरी पार लांब, एक रेघ. निखिलने भरतीची वेळ पाहून ठेवली होती. भरपूर अवकाश होता. ओढा कोरडा होता. तुम्ही आणि सई तो ओलांडून शिंपले वेचायला पलीकडच्या वाळूवर गेलात. मी आणि वैदेही अलीकडच्या बांधावर सतरंजी टाकून बसलो. निखिल जॅकेटं आणायला गाडीकडे गेला. वारा पडला होता. पक्षी एकदम गप्प झाले, एवढं मला आठवतं.

पाणी आलं ते समुद्राकडून आलंच नाही. म्हणजे समुद्र होता तिथेच दिसत होता, लांब. पाणी आलं ओढ्यातून, बाजूने, मागून, आवाज न करता. मघाशी चिखल होता तिथे चकाकायला लागलं. वैदेही उठून उभी राहिली आणि ओरडली, "बाबा! चला परत!" तुम्ही हात हलवलात. सईचा हात धरून निघालात. ठीक चालला होतात. मग थांबलात. देखावा पाहायला थांबता तसे. पण तोंड आमच्याकडेच होतं. तिथे देखावा म्हणजे आम्ही दोघीच.

सई तुम्हाला ओढत होती. तुम्ही वाकून तिला काहीतरी सांगितलंत. नंतर कळलं काय ते: "तू पळ आईकडे. मला तो मोठा शिंपला घ्यायचाय." ती पळत आली. ओढ्यात तिच्या गुडघ्यापर्यंत पाणी होतं. वैदेही धावत खाली उतरली आणि तिला उचलून घेतलं. आणि तुम्ही तिकडेच उभे, एक हात छातीवर, दुसरा आम्हाला थांबा म्हणून दाखवत. पाणी रुंद होत होतं. मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. तेवढ्यात निखिल जॅकेटं टाकून कपड्यांसकट पाण्यात शिरला. तुम्हाला खांद्याला धरून आणलं तेव्हा पाणी त्याच्या कमरेच्या वर होतं.

काही झालं नाही. सगळे घरी पोचले. गाडीत हीटर लावून आपण बटाट्याच्या चिप्स खाल्ल्या, काच धुक्याने भरली, आणि तुम्ही म्हणालात, "निखिलराव, खडकवासल्याला बुडालो नाही तो इथे थोडाच बुडणार?" सई मात्र हसली नाही. तुमच्याकडे पाहत होती. "पण आजोबा, शिंपला कुठाय?" तिने विचारलं. तुम्ही खिसे चाचपलेत. खिशात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ते तिघं बाजारात गेले असताना, तुम्ही मला सांगितलंत. पाय जागचे हलेनात. छातीवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं. डाव्या जबड्यापर्यंत कळ. आणि हे पहिल्यांदा नव्हतं. पुण्यात असल्यापासून होत होतं, आपल्या तीन मजल्यांच्या जिन्यात. म्हणूनच तुम्ही पर्वतीची टेकडी चढणं सोडलं होतंत आणि मला गुडघ्याचं कारण सांगितलं होतंत.

"आत्ताच्या आत्ता वैदेहीला सांगते," मी म्हटलं.

"नाही सांगायचं."

"का नाही? डॉक्टर आहेत की इथे."

"ती सगळं बंद करेल. पोरगी वर्षभर वाट बघते, चार दिवस आजोबांबरोबर फिरायला. मला काय तिने पांघरूण घालून खिडकीत बसवायचं? पुण्याला गेल्यावर दाखवतो. शप्पथ."

"आणि तोवर काही झालं तर?"

"तर मग बाकावर पट्टी नको लावूस. लोक वर बसून वेफर खातात."

मी ताट आपटलं. चाळीसेक वर्षांत कधी बोलले नव्हते इतकं बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि शेवटी फक्त म्हणालात, "तू वचन दे." मी तोंड फिरवलं. तुम्ही तेच वचन समजलात. ते भांडण तिथे अर्धंच राहिलं. मला त्यातलं माझं शेवटचं वाक्य अजून म्हणायचं आहे: तुम्हाला भीती वाटते का, एवढंच मला विचारायचं होतं. वाटत असेल तर मला सांगा, मी काही तुमच्याहून घाबरट नाही. पण तेवढ्यात दार वाजलं आणि सई ओरडत आत आली, की पुढच्या शनिवारी आपण वाफेच्या गाडीत बसणार.

पुण्याला आल्यावर मी तुम्हाला सोडलं नाही, हे तुम्हीही कबूल कराल. आठवड्यात डॉक्टर, मग अँजिओग्राफी. डॉक्टर सरळ म्हणाले, बायपास करावी लागेल, लांबवू नका. तुम्ही त्यांनाच विचारलंत, "दिवाळीनंतर चालेल? नात येणार आहे." ते म्हणाले, "माझ्या मते नाही चालणार." बाहेर रिक्षात बसल्यावर तुम्ही मला म्हणालात, "चालेल म्हणाले." मी तिथे असताना! मी रिक्षावाल्यासमोर वाद घातला, तोही मागे वळून म्हणाला, "काका, करून टाका की." त्यालाही तुम्ही उत्तर दिलंत, "तू समोर बघ. आधी तुझ्यामुळे ऑपरेशन लागेल."

तुम्ही सईसाठी बेत करत होतात. भुलेश्वर, बनेश्वर, सगळं पुन्हा. "ह्या खेपेला तिला दाखवतो डोंगर म्हणजे काय असतो." मी रोज म्हणायचे, वैदेहीला सांगू. तुम्ही रोज म्हणायचात, ती आल्यावर समोरासमोर सांगू, फोनवर घाबरेल.

त्या दिवशी सकाळी तुम्ही कोथिंबीर आणायला खाली गेलात. मी कुकर लावला. बराच वेळ झाला म्हणून दार उघडलं, तर खालच्या जोशीकाकू जिन्यातून वर येत होत्या, चेहरा पांढराफटक. "वहिनी, भाऊजी खाली पायरीवर बसलेत. मी हाक मारली. बोलत नाहीत." मी खाली गेले. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. पिशवी मांडीवर. मी शेजारी पायरीवर बसले आणि तुमचा हात हातात घेतला. ऊब होती अजून. काकू फोन करायला धावल्या. मी तुम्हाला म्हटलं, "सावकाश उठा. काही घाई नाही." हे मी का म्हटलं, मला ठाऊक नाही.

वैदेही दिवाळीला यायची ती आधीच आली. काळ्या कपड्यांतली सई विमानतळावरून थेट घरात आली आणि सगळ्या खोल्या फिरून आली.

आज दुपारी सगळे पडले होते तेव्हा वैदेही स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मला कळलं, आता ती विचारणार.

"आई, तुला माहीत होतं?"

मी सांगितलं सगळं. जबडा, छाती, पुण्याचा जिना. तुम्ही मागितलेलं वचन. बायपास. मला वाटलं ती ओरडेल. ओरडावं, असंही वाटलं. ती खाली फरशीवरच बसली.

"बायपास?" ती म्हणाली. "मला म्हणाले, गोळ्यांवर भागेल."

"तुला? तुला कधी म्हणाले?"

"मला माहीत होतं, आई. त्या दिवशी बांधावरून मी पाहिलं ना सगळं. घरी पोचल्यावर सामान काढायला आम्ही दोघंच गाडीपाशी होतो, तेव्हाच विचारलं. बाबा म्हणाले, पुण्याला जाऊन दाखवतो, पण आईला सांगायचं नाही. तिचं बीपी वाढेल. मला शप्पथ घातली." ती रडत नव्हती, एकेक शब्द तपासून बोलत होती. "म्हणून तर नंतर वाफेची गाडी, बोटीतून सील्स बघायचं. मी शोधून शोधून बसून बघायच्या जागा काढत होते. त्यांना कळलं असणार. म्हणाले नाहीत काही. दर शुक्रवारी फोन करून विचारायचे मी. मी ऑफिसातून करायचे, तुला ऐकू जायला नको म्हणून, आणि ते गॅलरीत जाऊन बोलायचे. गोळ्यांनी बरं वाटतंय, म्हणायचे."

तुम्ही गॅलरीत जायचात तेव्हा मला वाटायचं, रेंजसाठी जाता.

अहो, तुम्ही आम्हा दोघींना एकमेकींपासून लपवायला लावलंत. मला अर्धं सांगितलंत, तिला अर्धं, आणि दोन्ही अर्ध्या गोष्टींच्या मधे तुम्ही आरामात बसलात. आम्ही दोघी एकदा, फक्त एकदा फोनवर बोललो असतो, तर ती पुढच्या विमानाने आली असती आणि तुम्हाला उचलून ऑपरेशनच्या टेबलावर ठेवलं असतं. तुम्हाला हे माहीत होतं. म्हणूनच केलंत. मला तुमचा इतका राग आला, की जिवंत असतात तर मी बोलणं टाकलं असतं. आणि त्याच रागात मला तो ओढा दिसत होता: पाण्यात सापडलेला तुमच्यासारखा हट्टी माणूस, आणि पहिलं काम काय, तर पोरीला खोटं सांगून पळवणं. ती भिऊ नये म्हणून शिंपल्याचा बहाणा. तुम्हाला माणसांना वाचवायची ती एकच रीत येत होती. तिच्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन, आणि तिच्यामुळेच तुम्ही आज इथे नाही आहात.

वैदेहीच्या शेजारी मीही फरशीवर बसले. दोघींनी तुम्हाला मनसोक्त शिव्या घातल्या. तिने इंग्रजीत घातल्या, मी आपल्या शुद्ध मराठीत.

"आई," ती म्हणाली, "आणि तुझं? तुझं काही नाही ना असं?"

ओट्यावर चहा निवत होता. बाहेर कुठेतरी कुणीतरी पाण्याची मोटर लावली. माझ्या तोंडावर आलं होतं, मला काय होतंय, धडधाकट आहे मी. अगदी तुमच्याच आवाजात आलं होतं.

गेल्या उन्हाळ्यापासून माझा उजवा हात मधेच थरथरतो. कणीक मळताना, शर्टाची बटणं लावताना. हे मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं. तो नेहमी पदराखाली असायचा. तुमच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल आणि तुम्हीही बोलला नसाल. आता विचारायला तुम्ही नाही.

मी पदर बाजूला केला आणि हात तिच्यासमोर धरला. ती पाहत राहिली. मी लपवला नाही. उद्या सकाळी आम्ही दोघी डॉक्टरांकडे जातो आहोत.